गंगेचा शिंपला आणि पडकी कैरी

वैशाखात मराठवाड्यात जाऊ नये, असे शहाणी माणसे सांगतात. मी मात्र तुम्हांला नेमके वैशाखातच परभणीला चला म्हणणार आहे. पारा ४२-४३ वर असतो, कधी ४५ लाही टेकतो. डोक्याला उपरणे, पिशवीत कांदा आणि पाण्याची बाटली एवढे बरोबर घ्या, म्हणजे झाले.

परभणी स्टेशनावर उतरा आणि परळीकडे जाणारी गाडी धरा. खिडकीतून दोन्ही अंगांना काळी रानं दिसतील. नांगरून पडलेली, उन्हाने भेगाळलेली, ढेकळे वर आलेली. बांधावर पऱ्हाट्यांचे आणि तुराट्यांचे ढीग. हिरवे म्हणाल तर बाभूळ, लिंब, चिंच आणि मधूनच एखादा मोठ्या घेराचा आंबा. पोखर्णी नृसिंहाचे स्टेशन मागे पडले की थोड्या वेळाने गाडी पुलावर येते. खाली वाळूचे रुंद पात्र आणि त्यात पाण्याच्या एक-दोन बारीक धारा. डब्यातल्या म्हाताऱ्या बाया लगेच हात जोडतात. तिला इथे गोदावरी कोणी म्हणत नाही. ती गंगा. पूल ओलांडला की गंगाखेड. संत जनाबाईचे हे जन्मगाव. दळणकांडणात जन्म गेलेल्या बाईचे नाव ज्या गावाने सात शतके जपले, त्या गावाजवळच आजची गोष्ट घडली. ती दळणकांडणासारख्याच एका कामाची आहे.

गंगाखेडहून काठाकाठाने काही अंतरावर माझ्या मावशीचे गाव आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण अशी गावे काठाला एक नाही, कितीतरी आहेत. तुमचेही त्यांतलेच एखादे असेल.

मी पोचलो त्या दिवशी दुपारपासून वारा साफ पडला होता. लिंबाचे पान हलत नव्हते. चारच्या सुमारास मावळतीकडून काळे ढग उठले, धुळीचा लोट आला आणि मग अर्धा तास काय झाले ते सांगता येत नाही. वारा, वीज, बोराएवढ्या गारा. पत्र्यावरचा आवाज असा की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येईना. पाऊस थांबला तशी मावशी चप्पल न घालताच वावराकडे निघाली. आम्ही तिच्या मागे.

बांधावर तिचा आंबा उभा आहे. गावरान झाड, मावशीच्या सासऱ्यांनी आळ्यात पाणी घालून वाढवलेले. गावरान आंब्यांना नावे असतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. शेपूचा वास येतो तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, रंगावरून शेंदऱ्या. ह्याचे नाव आंबट्या. नावातच सगळे आले. पिकला तरी दाताला झिणझिण्या आणणारा. त्या संध्याकाळी आंबट्याखाली जमीन दिसत नव्हती. नुसत्या कैऱ्या. चिखलात रुतलेल्या, गारांनी टवके उडालेल्या, काही देठासकट, काही पानांसकट. वेचता वेचता तीन पोती भरली.

माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, तिथूनच बाजारातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. दोन मिनिटांत फोन खिशात टाकून म्हणाला, "पडका माल नको म्हणालाय. समद्याच गावाहून यायलाय म्हणं. गाडीभाडं पण निघायचं न्हाई."

मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "त्याला नको तर ऱ्हाऊ दे. आपल्याला लागतंय न्हवं? चल, पोती उचल. रात्रीतून सोलायला पायजे."

रात्रीतूनच का? हा प्रश्न मी विचारला, तुम्हीही विचाराल. झाडावरून हाताने उतरवलेली कैरी चार-सहा दिवस थांबते. पडलेली थांबत नाही. उंचावरून आपटलेल्या फळाला आतून मार बसतो. वरून हिरवीगार दिसते, पण दुसऱ्या दिवशी साल काढली की आत तपकिरी डाग. तिसऱ्या दिवशी तिथे पाणी सुटते आणि शेजारच्या चार कैऱ्याही ती बिघडवते. म्हणजे पडक्या कैरीची किंमत एका रात्रीत ठरते. सोलली तर वर्षाचे कालवण, नाही तर उकिरडा.

पोती ओसरीवर आली. शेजारच्या दोघी जावा आल्या, समोरच्या आत्याबाई आल्या, मावशीची धाकटी सून स्वयंपाक आवरून आली. आधी मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन कैऱ्या धुतल्या. देठ मोडल्यावर जो चीक येतो तो पाण्यात जाऊ दिला. मग फडक्याने पुसल्या. ह्या चिकाला हलके समजू नका. आंबा आणि बिब्बा एकाच कुळातली झाडे आहेत. बिब्बा उततो हे आपल्याला माहीत असते, पण कैरीचा चीक गालाला लागून पोराचे तोंड उठले की आपण उन्हाला बोल लावतो. म्हणून सगळ्यांनी आधी हाताला गोडेतेल चोळून घेतले आणि पोरांना लांब बसवले.

नंतर वाटणी. मावशीने कैऱ्या दाबून, नखाने टोचून, काहींना मधोमध कापून चार ढीग केले. पहिला ढीग कोवळ्या कैऱ्यांचा, ज्यांत कोय अजून धरलेली नव्हती. दुसरा भरीव, कोय टणक झालेल्या. तिसरा पाडाला आलेल्या, आतून पिवळसर. चौथा फुटलेल्या आणि जास्त मार लागलेल्या. "एका ढिगात घातल्या तर एकबी धड व्हायची न्हाई," एवढेच ती म्हणाली.

आणि मग तिने फडताळातून एक डबा काढला. त्यात शिंपले होते.

हे मी लहानपणी पाहिले होते आणि विसरलो होतो. गंगेच्या वाळूत तळहाताच्या निम्म्या आकाराचे शिंपले मिळतात. शिंपल्याची फुगीर पाठ दगडावर थोडे पाणी टाकून घासायची. घासता घासता मधोमध नखाएवढे भोक पडते आणि भोकाची कड पात्यासारखी धारदार होते. झाले सोलाणे. शिंपला तळहातात बसवायचा, कैरीवरून देठाकडून टोकाकडे ओढायचा. भोकातून साल पातळ, लांब, कागदासारखी बाहेर येते. गर वाया जात नाही आणि बोट कापायची भीती कमी. विळीवर आमच्या हातून साल जाड निघत होती. शिंपल्याने आत्याबाई बोलता बोलता सोलत होत्या, कैरीकडे बघतही नव्हत्या.

शिंपल्याचा आणखी एक गुण आहे. कैरीत तुरटपणा असतो. लोखंडाची विळी लागली की त्या तुरटपणाचा आणि लोखंडाचा मिळून काळा रंग होतो. फोडीही काळ्या, बोटेही काळी. शिंपल्यात लोखंड नाही, म्हणून सोललेली कैरी स्वच्छ राहते. पुढे हवा लागून ती तांबूस होतेच. त्यासाठी सोललेली कैरी लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची. शिंपला नसेल तर स्टीलची सुरी किंवा सोलाणे घ्या, पण लोखंडी विळी फक्त फोडण्यासाठी ठेवा आणि फोडल्याबरोबर पुसा.

"आता शिंपले बी मिळंनात," आत्याबाई म्हणाल्या. "वाळूच उपसून न्यायलेत, तर शिंपला कुठं ऱ्हाईल?" कोणी उत्तर दिले नाही. शिंपले ओसरीवर चर्र चर्र वाजत होते.

आता चार ढिगांचे काय केले ते सांगतो. घरी वही असेल तर लिहून घ्या.

कोवळ्या कैऱ्यांचा तक्कू. साल काढून किसायच्या, त्यात मीठ, तिखट, हळद, थोडी भाजलेल्या मेथीची पूड आणि वरून हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर तक्कू असला की दुसरे कालवण लागत नाही. ज्यात कांदा घालाल तो त्याच दिवशी संपवा. बिनकांद्याचा, तेल वर राहील इतके घातलेले, चार-सहा दिवस राहतो.

भरीव कैऱ्यांची आंबोशी. सोलून, कोय काढून, बोटाएवढ्या जाड फोडी करायच्या. मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवायच्या. सकाळी सुटलेले पाणी निथळून फोडी कडक उन्हात पातळ फडक्याखाली पसरायच्या. संध्याकाळी घरात घ्यायच्या, कारण रात्रीचा दमट वारा दिवसाची मेहनत वाया घालवतो. तीन-चार उन्हे चांगली लागली की फोड वाकत नाही, कट्‌कन मोडते. मग डब्यात. कच्च्या कैरीत पाणीच फार. दहा किलो कैरीची साल आणि कोय गेली की सहा-सात किलो गर हाती येतो, आणि तो वाळला की किलोभर आंबोशी उरते. पण ते किलोभर पावसाळाभर पुरते. वरणात दोन फोडी टाकल्या की चिंच लागत नाही.

तिसऱ्या ढिगाचा, पाडाला आलेल्या कैऱ्यांचा, गुळांबा. ह्या कैऱ्यांना गूळ कमी लागतो. किलोभर किसाला किलोभर गूळ धरा. कैरी फारच आंबट असेल तर पाव किलो वाढवा. एक चूक बहुतेक घरांत होते. कच्च्या किसात एकदम गूळ घालून पातेले चुलीवर चढवतात, आणि मग कीस चामट राहिला म्हणून आंब्याला नावे ठेवतात. गूळ कैरीतले पाणी ओढून घेतो. म्हणून आधी कीस वाफवून मऊ करा, मग गूळ घाला, मंद आचेवर आटवा. शेवटी वेलदोड्याची पूड आणि चिमूटभर मीठ. पातेले कल्हईचे किंवा स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमला किंवा कल्हई उडालेल्या पितळेला आंबट लागले की ते पदार्थात उतरते. टिकाऊपणाचा हिशेब असा की, आटल्यावर एकूण वजनात गोडाचा भाग ढोबळ दोन-तृतीयांश झाला पाहिजे. मग बुरशीला जगायला पाणी उरत नाही. कमी आटवाल तर आषाढातच वर पांढरी साय दिसेल. बरणी कोरडी हवी, चमचा कोरडा हवा, आणि तोंडाला दादरा घट्ट बांधलेला हवा.

चौथा ढीग म्हणजे फुटक्या कैऱ्या. मार लागलेला भाग काढून टाकला, चांगला भाग त्याच रात्री उकडला आणि सकाळी पन्हे केले. बरणीत जाईल त्यात मात्र डागी फोड एकही टाकू नका. एक फोड सगळी बरणी नासवते.

रात्री बाराच्या पुढे दोन पोती सोलून झाली. तिसरे अर्धे शेजाऱ्यांत वाटले, अर्धे पहाटे उठून बायांनी संपवले. सालींची टोपली शेणखताच्या खड्ड्यात गेली. ज्याला बाजारात गाडीभाडे निघत नव्हते, त्या मालाने सकाळी अंगणातल्या दोन बाजा भरल्या होत्या.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सकाळी चहा घेताना दादा हळूच म्हणाला, "औंदा आंबट्या काढायचं ठरवलंय." त्याचे कारण खोटे नव्हते. विहिरीला पाणी लागल्यावर त्याने ऊस केला होता. आंबट्याच्या सावलीत उसाच्या चार सऱ्या खुरटतात. फळाला बाजार नाही. त्या जागी केशरची कलमे लावली तर पाच-सहा वर्षांत पैसा दिसेल. शेती करणाऱ्या माणसाला हा हिशेब करावाच लागतो. शहरात बसून झाडावर प्रेम करणे सोपे असते.

मावशी काही बोलली नाही. तिने भाकरीवर गुळांब्याचा घास ठेवला आणि ताट त्याच्यापुढे सरकवले.

गुळांबा खाताना मला एक दूरची गोष्ट आठवली. ती मी दादाला सांगितली, तुम्हांलाही सांगतो. आपल्याकडे सफरचंद गोड असते आणि आजाऱ्याला कापून देतात. विलायतेत मात्र काही सफरचंदे फक्त शिजवण्यासाठी लावतात. कच्ची खाल्ली तर तोंड वाकडे होईल इतकी आंबट, पण सोलून, चिरून, साखर घालून शिजवली की लोण्यासारखी विरघळतात आणि तरी चव राखतात. आपल्या आंबट्याचीच जात म्हणा! त्यांतले सगळ्यांत नावाजलेले फळ म्हणजे ब्रॅम्ली.

नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचे गाव आहे. तिथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफोर्ड नावाच्या मुलीने सफरचंदाच्या बिया पेरल्या. त्यातून एक झाड वाढले. पुढे १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या कसायाने विकत घेतले. दहा वर्षांनी, १८५६ मध्ये, हेन्री मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकेच्या तरुणाने त्या झाडाच्या काड्या कलमासाठी मागितल्या. ब्रॅम्ली म्हणाला, काड्या ने, पण फळाला नाव माझे लागले पाहिजे. लागले. बी पेरणाऱ्या मुलीचे नाव मागे राहिले आणि घर विकत घेणाऱ्याचे जगभर झाले. बायांनो, ह्यात तुम्हांला नवल वाटणार नाही.

पण पुढचे महत्त्वाचे आहे. १९०० साली वादळात ते मूळ झाड कोसळले. पडलेल्या खोडातून ते पुन्हा फुटले. अलीकडे त्याला मुळाची बुरशी लागली. आज जगात जी जी ब्रॅम्लीची झाडे आहेत, ती सगळी त्या एकाच झाडाच्या काड्यांपासून, कलमावर कलम करत आलेली आहेत. मूळ झाड उद्या गेले तरी फळ जाणार नाही, कारण कोणीतरी वेळेवर काड्या मागितल्या.

आंबट्याच्या काड्या अजून कोणी मागितलेल्या नाहीत. आणि गावरान आंब्याचे असे आहे की, कोय लावून आलेले झाड आईसारखे निघेलच असे नाही. शेप्याची कोय लावली तर शेप्याच येईल ह्याची खात्री कोणी देत नाही. म्हणजे बांधावरचा प्रत्येक गावरान आंबा जगात एकटाच आहे. तो तोडला की ती चव संपली. पुन्हा कितीही पैसे टाकले तरी ती मिळायची नाही.

वाचवण्याचा उपाय अवघड नाही आणि त्याला जागाही फार लागत नाही. कच्च्या कैरीची कोय उगवत नाही, म्हणून पिकलेल्या आंब्याच्या ताज्या कोयी घ्या. कोणत्याही गावरान आंब्याच्या चालतील. मृग लागताच त्या माती आणि शेणखताच्या गादीवाफ्यात लावा. रोप उगवून पंधरवड्याचे झाले आणि पाने अजून तांबूस असली की ते कोय कलमाला योग्य. जे झाड राखायचे त्याच्या तीन-चार महिने जुन्या, डोळा फुगलेल्या, पेन्सिलीएवढ्या काड्या घ्या. कापण्याआधी आठ-दहा दिवस त्यांची पाने देठ ठेवून छाटलेली असावीत. रोपाच्या खोडाला चीर देऊन पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दुसरी रीत म्हणजे कोयी आधी बांधावरच लावून रोप वाढू द्यायचे आणि नंतर कोवळ्या फुटीवर कलम बांधायचे. त्याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. जागेवरच मुळे खोल गेल्यामुळे आपल्या कोरड्या भागात ते चांगले तग धरते.

हात बसलेला नसेल तर परभणीचे कृषी विद्यापीठ लांब नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाला २०१३ पासून वसंतराव नाईकांचे नाव आहे. बिगरहंगामात फळ देणारा 'निरंजन' आंबा इथलाच. कलम कसे बांधतात हे डोळ्यांनी पाहिले की निम्मे काम होते. आणि शेतकऱ्याने जपलेल्या वाणाची नोंद त्याच्याच नावाने करता येते, असा कायदा २००१ साली झालेला आहे. म्हणजे मेरी ॲनसारखे नाव मागे राहायला नको.

दादाने सगळे ऐकून घेतले. गुळांब्याचे बोट चाटले. म्हणाला, "मिरगात चार कलमं बांधून बघूत. जगली तर विहिरीपाशी लावू. मग ह्याचं काय करायचं ते बघता येतंय." आंबट्या वाचला असे मी म्हणत नाही. चार सऱ्यांचा हिशेब अजून तसाच आहे. पण एक पावसाळा तरी मिळाला.

निघताना मावशीने पिशवीत आंबोशी बांधून दिली आणि वर एक शिंपला ठेवला. मी म्हणालो, "मावशी, तुला कमी पडतील." ती म्हणाली, "तू ने. बघून दुसरा करायला तर येईल कुणाला."

तो शिंपला आता माझ्या टेबलावर आहे. तुमच्या बांधावरही एखादा आंबट्या असेल. ह्या वैशाखात वारा सुटेल तेव्हा पोते घेऊन त्याच्याखाली जा, बायकामाणसे मिळून रात्रीत कैरी सोला, आणि मृग लागला की त्याच्या चार काड्या कलमाला लावा. मग तोडायचे की ठेवायचे, हा विचार सावकाश करता येईल.